पट्ट्यांत अडकलेलं बी

जून उजाडला की न्यू साउथ वेल्समधल्या शार्लट पासचा रस्ता बर्फाखाली जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,७६० मीटरवरच्या या चिमुकल्या वस्तीत २९ जून १९९४ रोजी पारा उणे २३ अंशांवर उतरला होता. ऑस्ट्रेलियात नोंदलं गेलेलं हे सर्वांत कमी तापमान. हिवाळ्यात इथे येणारे पाहुणे पेरिशरपर्यंत बोगद्यातून जाणाऱ्या रेल्वेने येतात. तिथून पुढे माणसं, त्यांचं सामान, दूध, भाजी सगळं पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाडीतून जातं.

अशा गाड्या ऑस्ट्रेलियात फारशा बनत नाहीत, आणि नव्याची किंमत छोट्या लॉजमालकाच्या आवाक्याबाहेरची. मग नजर जाते युरोपातल्या लष्करांनी निकाली काढलेल्या गाड्यांकडे, त्यातही स्वीडनच्या हेग्लुंड्स ‘बीव्ही-२०६’कडे.

हे यंत्र १९८०च्या सुमारास उत्तर स्वीडनमधल्या अर्नशोल्ड्सव्हिकच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलं आणि पुढे ११,००० हून अधिक गाड्या बनल्या. एकामागे एक जोडलेल्या दोन केबिन, चार रुंद रबरी पट्टे आणि चारही पट्ट्यांना इंजिनाची ताकद. वळण घेताना मोटारीसारखी चाकं वळत नाहीत. दोन केबिनमधला सांधाच हायड्रॉलिक दाबाने वाकतो. चालकासह १७ माणसं बसतात. वजन साडेचार टनांच्या आसपास, पण ते इतक्या मोठ्या पृष्ठभागावर पसरतं की बर्फावर पडणारा दाब उभ्या माणसाच्या पावलापेक्षाही कमी भरतो. शिवाय गाडी पाण्यावर तरंगते. समुद्रावरच्या गोठलेल्या थरावरून जायचं असेल तर हा गुण जीव वाचवणारा. अंटार्क्टिकातल्या मॉसन, डेव्हिस आणि केसी या ऑस्ट्रेलियन तळांवर म्हणूनच या गाड्या वर्षानुवर्षं राबल्या. याच घराण्यातली पुढची, चिलखती ‘बीव्हीएस-१०’ आता ‘सिंधू’ या नावाने भारतीय लष्करासाठी लार्सन अँड टुब्रो बनवणार आहे. तसा करार २०२५ मध्ये झाला.

जर्मन लष्कराच्या जुन्या गाड्या फ्रँकफर्टच्या ‘वेबेग’ या सरकारी विक्रीसंस्थेमार्फत लिलावात निघतात. त्यांतल्या डिझेल गाड्यांना गिऱ्हाईक लवकर मिळतं, कारण त्यांचं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन मर्सिडीजच्या ‘३००-डी’ मोटारीतल्या इंजिनाचंच भावंड आहे. सुटे भाग शोधणं त्यामुळे सोपं जातं. बाकी तपासणीत पट्ट्यांच्या रबराला गेलेले तडे आणि मधल्या सांध्याची गळती, या दोन जागा आधी पाहायच्या.

गाडी ६.९ मीटर लांब, १.८७ मीटर रुंद, २.४ मीटर उंच. म्हणजे जवळपास ३१ घनमीटर, आणि मोटारवाहू जहाजाचं भाडं बहुधा याच घनफळावर ठरतं. कंटेनरनेच न्यायची तर साध्याच्या दारातून ती जात नाही, जास्त उंचीचा घ्यावा लागतो. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दोन गाड्या मावतही नाहीत. पोहोचल्यावर गाडीच्या किमतीत भाडं, विमा आणि सीमाशुल्क मिळवून त्या बेरजेवर १० टक्के जीएसटी. इथवरचा हिशेब कोणताही क्लिअरिंग एजंट मांडून देतो.

खरी परीक्षा चिखलाची. ऑस्ट्रेलियाच्या २०१५च्या जैवसुरक्षा कायद्याखाली वापरलेलं यंत्र माती, बी, गवताची काडी यांपासून पूर्ण मुक्त असावं लागतं. बंदरावर निरीक्षक टॉर्च घेऊन गाडीखाली शिरतो. काही सापडलं तर मालकाच्या खर्चाने पुन्हा धुलाई, नाहीतर गाडी परत. मोटारीचा तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुता येतो; इथे मात्र पट्टे उतरवून प्रत्येक रोलरच्या मागची जागा खरवडावी लागते. आयातदार यावर वैतागतात.

पण हा कडकपणा योग्यच आहे, आणि त्याचं कारण शार्लट पासच्याच डोंगररांगेत पाहायला मिळतं. नारिंगी हॉकवीड हे युरोपातलं देखणं रानफूल २००३ मध्ये कोझियस्को राष्ट्रीय उद्यानात सापडलं. ते बियांनी पसरतं, जमिनीवरून धावणाऱ्या फुटव्यांनी पसरतं आणि आपल्याखाली दुसरं काही उगवू देत नाही. त्याचं एकेक रोप शोधायला स्वयंसेवक दरवर्षी उतारांवर फिरतात. वास घेऊन रोप हुडकणारी कुत्री आणि ड्रोनही कामाला लावले आहेत. ज्या थंड डोंगराळ युरोपात हे फूल घरचं आहे, तिथल्याच चिखलात या बर्फगाड्यांचं लष्करी आयुष्य गेलेलं असतं. आल्प्सच्या कुरणात तग धरणारं बी कोझियस्कोच्या उतारावरही तग धरतं.

दुसरा अडसर एका ढेकणाचा. तपकिरी संगमरवरी दुर्गंधी ढेकूण मूळचा पूर्व आशियातला, आता युरोपभर पसरलेला. थंडीत तो यंत्रांच्या फटींत दडून बसतो. २०१८च्या फेब्रुवारीत जपानहून मोटारी घेऊन आलेली जहाजं न्यूझीलंडने याच किड्यापायी परत फिरवली. १ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात जर्मनीसारख्या देशातून निघणाऱ्या वाहनाला ऑस्ट्रेलियासाठी आधीच धुरी द्यावी लागते किंवा ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवावं लागतं. यात पंचांगाचा पेच आहे. बर्फाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो, समुद्रप्रवास दीड-दोन महिन्यांचा. वेळेवर पोहोचायचं तर गाडी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन ढेकणाच्या मुदतीत निघणार. धुरीचा खर्च टाळायला मे महिन्याची वाट पाहिली तर हंगामाचे पहिले आठवडे हातचे गेले.

उरतं ॲसबेस्टॉस. ३१ डिसेंबर २००३ पासून ऑस्ट्रेलियात त्यावर संपूर्ण बंदी आहे, आणि ती जुन्या वाहनाच्या गॅस्केटला आणि ब्रेकलाही लागू होते. २०१२ मध्ये चीनहून आलेल्या ग्रेट वॉल आणि चेरी कंपन्यांच्या सुमारे २३,००० मोटारी इंजिन-एक्झॉस्टच्या गॅस्केटमध्ये ॲसबेस्टॉस सापडल्यामुळे परत बोलवाव्या लागल्या. त्या तर नव्या होत्या. ऐंशीच्या दशकातल्या लष्करी गाडीवर संशय येणं साहजिकच आहे, आणि ‘नसावं बहुधा’ हे उत्तर सीमेवर चालत नाही. म्हणून जाणता खरेदीदार गाडी जर्मनीत असतानाच ब्रेक आणि गॅस्केट बदलून घेतो, नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतो, पट्टे उतरवून केलेल्या धुलाईचे फोटो जोडतो आणि मगच जहाजावर जागा धरतो. त्याच वेळी कोझियस्कोच्या उद्यान प्रशासनाकडे बर्फावर गाडी चालवण्याच्या परवानगीचा अर्जही टाकतो.