बॅटरी दुकानात मिळते, मग संशोधन कशाचे?

दहावीनंतर विज्ञानाशी माझा संबंध सुटला. मी कला शाखेची विद्यार्थिनी. तरीही हा लेख बॅटरीवर आहे, आणि त्याला कारण आमच्या घरातील एक बैठक.

माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणतो, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करतो आहे. बी.एस्सी. त्याने साताऱ्याला ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करून पुरी केली. गेल्या दिवाळीत जेवणानंतर त्याने सांगितले की त्याला पीएच.डी. करायची आहे, आणि विषय आहे घन अवस्थेतील बॅटरी.

माझे वडील म्हणाले, “अरं, बॅटरी तर दुकानात मिळती. तू आनि काय शोधनार?”

सगळे हसले. पण आबा, म्हणजे दादाचे वडील, हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “किती वर्सं?”

“पाच. मग बाहेर कुठंतरी आणखी दोन-तीन.”

कोरेगाव तालुक्यातले आमचे एकत्र कुटुंब. जमीन चार एकर, त्यात आले आणि ऊस. कॉलेजात गेलेली आम्ही दोघेच पहिली. दादा आणखी आठ वर्षे शिकला तर माझ्या एम.ए.चे काय, हा प्रश्न मी विचारला नाही. पण तो माझ्या मनात होता, हे कबूल करते. शेवटी वडील मला म्हणाले, “तू कालिजात जातीस न्हवं? तू समजून घे आनि आमाला सांग.”

सुटी संपल्यावर आम्ही एकाच पॅसेंजरने निघालो. मला सांगलीला मावशीकडे उतरायचे होते, त्याला पुढे कोल्हापूरला जायचे होते. कोरेगाव ते सांगली या प्रवासात दादाने जे समजावले, ते माझ्या भाषेत मांडते.

बॅटरीत दोन टोके असतात आणि त्यांच्यामध्ये एक माध्यम. मोबाइलच्या बॅटरीत लिथियमचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, या माध्यमातून एका टोकाकडून दुसऱ्याकडे जातात; इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या तारेतून जातात आणि आपले काम करतात. चार्जिंग करताना हाच प्रवास उलटा होतो. हे माध्यम सहसा द्रव असते आणि तो द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरी फार तापली किंवा आतल्या आत दोन्ही टोके एकमेकांना भिडली तर पेट घेऊ शकते. म्हणून त्या द्रवाऐवजी न पेटणारा घन पदार्थ घालावा, ही कल्पना.

पण घनातून कण जाणार कसे? मायकेल फॅरेडेने १८३३ मध्येच पाहिले होते की चांदीचे सल्फाइड तापवले की त्यातून वीज चांगली वाहू लागते. काही स्फटिकांची रचनाच अशी असते की आयनांना आतून वाट मिळते. जर्मनीतील कील येथे २००७ मध्ये लिथियमसाठी असा गार्नेट जातीचा एक पदार्थ सापडला. तो शोधणाऱ्या तिघांपैकी मुरुगन आणि थंगादुराई हे दोघे भारतीय. २०११ मध्ये जपानच्या कान्नो यांच्या गटाने द्रवाच्या तोडीने आयन वाहून नेणारे एक सल्फाइड तयार केले.

“मग अडलंय कुठं?” मी विचारले. गाडी तेव्हा कऱ्हाड सोडून ताकारीकडे चालली होती. दादाने खिडकीतून नांगरलेले रान दाखवले. पाणी सोडले की ते रानाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचते. पण ढेकळावर ढेकूळ ठेवले तर ती दोन-चार टोकांनाच टेकतात. घन माध्यम आणि घन टोक यांचे तसेच होते. जिथे स्पर्श नाही तिथून आयन जात नाहीत. शिवाय चार्जिंगच्या वेळी पदार्थ फुगतात, आकसतात, आणि होता तो स्पर्शही सुटतो. चिनी मातीच्या जातीचे पदार्थ तडकतात. सल्फाइडला दमट हवा लागली तर विषारी वायू सुटतो. एकेका अडचणीत एकेका माणसाची वर्षे जातात.

इथे आपल्या भागातले एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात डॉ. चंद्रकांत लोखंडे यांनी पातळ थरांवर काम केले. १९८९ मध्ये त्यांनी आणि डॉ. पवार यांनी विद्युतनिक्षेपणाने अर्धवाहकांचे थर देण्याच्या पद्धतीवर आढावा लिहिला. २००४ मध्ये डॉ. पठाण यांच्याबरोबर दुसरा लिहिला, तो पट्टी बुडवून थर देण्याच्या पद्धतीवर. ही पद्धत फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५ मध्ये मांडली. तिला लागतात काचेची काही पात्रे. पट्टी पहिल्या द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. सारवणावर सारवण द्यावे तसा थर चढत जातो. निर्वात पंपासारखी महागडी यंत्रे नसली तरी काम होते.

हाच हात पुढे ऊर्जा साठवण्याकडे वळला. २०१५ मध्ये चोडणकर, डुबल, लोखंडे आदींनी मँगनीज ऑक्साइडच्या थरांपासून लवचीक, पूर्ण घन अवस्थेतील सुपरकपॅसिटर केल्याचे प्रसिद्ध केले. सुपरकपॅसिटर ही बॅटरीची चुलतबहीण. ती वीज पृष्ठभागावर साठवते, झटकन भरते, पण तिच्यात मावते कमी. अशा सुपरकपॅसिटरमध्ये द्रवाऐवजी बहुधा पॉलिव्हिनिल अल्कोहोलची घट्ट खळ वापरतात; सुताला खळ देण्यासाठीही हाच पदार्थ वापरात आहे. डॉ. दीपक डुबल पीएच.डी. शिवाजी विद्यापीठातून झाले आणि जर्मनी, स्पेन असे करत ऑस्ट्रेलियात प्राध्यापक झाले. २०१८ मध्ये लवचीक घन सुपरकपॅसिटरवर एक मोठा आढावा लेख आला. त्याच्या चार लेखकांपैकी डुबल आणि चोडणकर हे दोघे कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतून गेलेले.

संशोधकाची नोकरी कशी असते, हे मला यातून कळले. आधी पीएच.डी.; त्यासाठी ‘नेट’मध्ये कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये. मग परदेशी किंवा परगावी मुदतीची कामे, आणि त्यानंतर कधीतरी कायमची जागा. अधिछात्रवृत्ती मिळाली नाही तर तासिका तत्त्वावर शिकवत दिवस काढायचे. फळही उशिरा लागते. गुडइनफ यांनी लिथियम बॅटरीचा कोबाल्ट ऑक्साइड १९८० मध्ये दिला, सोनी कंपनीची बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, आणि नोबेल मिळाले २०१९ मध्ये. तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की दुकानातली बॅटरी ही कुणाच्या तरी पाच-पाच वर्षांची बेरीज आहे.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा मी हे सगळे सांगितले. नोबेलचे ऐकून कुणी फारसे हलले नाही. ढेकळांचे मात्र आबांनी दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, “म्हंजे ढेकळं फोडायचंच काम हाय की!”

“व्हय, पन लई बारीक ढेकळं,” वडील म्हणाले.

ठरले ते असे. दादाने ‘नेट’ द्यावी. अधिछात्रवृत्ती मिळाली तर त्याने पीएच.डी. करावी, आणि घरातून पैसे मागू नयेत. नाही मिळाली तर एक वर्ष तासिकेवर शिकवून पुन्हा बसावे. हे बोलणे चालू असतानाच मीही सांगून टाकले की मला एम.ए. करायचे आहे. आबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “आदी बी.ए. तर हो.” त्यांनी नाही म्हटले नाही, एवढे मी ऐकून घेतले. दादा सध्या ‘नेट’चा अभ्यास करतो आहे. मीही करते आहे.