शंभर किलोमीटरची धाव

चारशे मीटरच्या मैदानाला एक फेरी धावून मारली, की आपल्याला धाप लागते. अशा अडीचशे फेऱ्या मारल्या, तर शंभर किलोमीटर होतात. एवढे अंतर धावण्याची एक शर्यत असते. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्याहून लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. शंभर किलोमीटरच्या शर्यतीत स्त्रियांचा जागतिक विक्रम तोमोए आबे या जपानी धावपटूने केला.

तोमोएचा जन्म १९७१ सालचा. जपानमध्ये मोठमोठ्या कंपन्या धावपटूंना नोकरी देतात आणि आपले संघ बांधतात. तोमोए असाही कासेई या कंपनीच्या संघात होती. १९९३ साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे मॅरेथॉनमध्ये तोमोए तिसरी आली. पहिली आली ती जपानचीच जुन्को असारी. पुढच्या वर्षी ओसाकाच्या मॅरेथॉनमध्ये भलतीच चुरस झाली. तोमोए आणि नोबुको फुजिमुरा या दोघींनाही २ तास २६ मिनिटे ९ सेकंद लागले. तोमोए किंचित पुढे होती, म्हणून ती पहिली. असारी एका सेकंदाने मागे राहिली, ती तिसरी!

इतके असूनही ऑलिंपिकची मॅरेथॉन तोमोएच्या वाट्याला कधीच आली नाही. मॅरेथॉनसाठी एका देशाला तीनच जागा मिळत आणि जपानमध्ये त्या काळी चांगल्या धावणाऱ्या मुली पुष्कळ होत्या. १९९६ ची संधी हुकली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या संघातही तिचे नाव नव्हते. त्याच वर्षी २५ जून रोजी ती एका वेगळ्याच शर्यतीत उतरली.

जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचे बेट आहे. तेथे समुद्राला लागून सारोमा नावाचे मोठे सरोवर आहे. सरोवर आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूचा लांबच लांब पट्टा पसरला आहे. या सरोवराच्या काठाने दर जून महिन्यात शंभर किलोमीटरची शर्यत भरते.

या शर्यतीत नुसता वेग असून भागत नाही. शरीरात साठलेली साखर तीस-पस्तीस किलोमीटर धावल्यावर संपत येते. मग शरीर चरबी जाळू लागते, पण चरबीतून ताकद सावकाश मिळते. म्हणून धावता धावताच खावे-प्यावे लागते आणि ते पोटाला सोसवत नाही. घामाबरोबर मीठ निघून जाते. मांड्या दगडासारख्या जड होतात. सुरुवातीला जो जोरात पळतो, तो पुष्कळदा शेवटी पाय ओढत चालत येतो.

तोमोएने ही शर्यत ६ तास ३३ मिनिटे ११ सेकंदांत पुरी केली. म्हणजे दर किलोमीटरला चार मिनिटांपेक्षा कमी वेळ! तुमच्यापैकी कोणी घड्याळ लावून एकच किलोमीटर या वेगाने धावून पाहावे. तिने तसे शंभर किलोमीटर काढले. आधीचा विक्रम अमेरिकेच्या अॅन ट्रेसन हिचा होता. तो सात तासांहून थोडा अधिक होता. विक्रम बहुधा काही सेकंदांनी मोडतात. हा सत्तावीस मिनिटांहून अधिक फरकाने मोडला.

१९२८ च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. इतके अंतर त्यांना झेपत नाही, असे म्हणून ती शर्यत पुढे १९६० पर्यंत बंद ठेवण्यात आली. त्या शर्यतीत दुसरी आलेली किनुए हितोमी जपानचीच होती. तोमोएने धावलेले अंतर त्याच्या सव्वाशे पट आहे.

त्या सप्टेंबरमध्ये सिडनीला जपानच्या नाओको ताकाहाशीने मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि सारा देश तिच्या कौतुकात बुडाला. ते योग्यच होते. पण तोमोएच्या धावेकडे जेवढे लक्ष जायला हवे होते, तेवढे गेले नाही. ताकाहाशीचा ऑलिंपिक विक्रम २०१२ साली लंडनमध्ये मोडला. सारोमाच्याच रस्त्यावर १९९८ साली ताकाहिरो सुनादाने केलेला पुरुषांचा विक्रम २०१८ साली नाओ काझामीने तेथेच मोडला. तोमोएचा विक्रम मात्र जून २०२५ मध्ये पंचवीस वर्षांचा झाला, तेव्हाही तो तिच्याच नावावर होता.