राणीची सहचरी

शाळेतील मुलांना घेऊन मी अनेकदा कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहण्यास गेलो. तेथील शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे पाहून झाली, की एखादी मुलगी हटकून विचारी, “गुरुजी, राणीसाहेब कधी एकट्या फिरावयास जात असतील का?” प्रश्न मार्मिक होता. पूर्वी राजघराण्यातील स्त्री एकटी सहसा कोठे जात नसे. तिच्यासोबत कोणीतरी असेच. युरोपात तर या कामावर उमराव घराण्यांतील स्त्रियांची रीतसर नेमणूक होई. त्या दासी नव्हेत. राणीला वाचून दाखविणे, तिची पत्रे लिहिणे, प्रवासात सोबत करणे ही त्यांची कामे. राणीची गुपिते पोटात ठेवणे हे तर सर्वांत अवघड काम. हंगेरीतील इर्मा स्तारॉय ही अशीच एक सहचरी होती.

तिची स्वामिनी एलिझाबेथ ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी. १८६७ साली हंगेरीची राणी म्हणूनही तिला राज्याभिषेक झाला. ती मूळची बव्हेरियाची, म्हणजे जर्मन भाषा बोलणारी. परंतु हंगेरियन भाषा ती मोठ्या आवडीने शिकली आणि आपल्या सहवासासाठी हंगेरियन स्त्रियाच तिने निवडल्या. १८८९ साली तिचा एकुलता एक पुत्र गेला. तेव्हापासून ती काळी वस्त्रे नेसून देशोदेशी हिंडू लागली. चालण्याचे तिला वेडच होते. ती तासन्‌तास भरभर चाले आणि बरोबरच्या स्त्रियांची दमछाक होई. वय झालेल्या सहचरींना हे झेपेना, तेव्हा १८९४ साली एकतीस वर्षांची इर्मा तिच्या सेवेत आली. उमरावाच्या लेकीची परीक्षा पायांवरून व्हावी, याची मला मोठी गंमत वाटते!

सप्टेंबर १८९८ मध्ये राणी स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा येथे उतरली होती. गर्दीचा तिला तिटकारा असल्याने तिने दुसरेच नाव धारण केले होते. दहा तारखेस दुपारी सरोवरातील आगबोट गाठावयाची होती. नोकरांना राणीने आगगाडीने पुढे पाठविले होते. धक्क्याकडे दोघीच निघाल्या.

इतक्यात लुकेनी नावाचा एक इटालियन तरुण धावत आला आणि राणीच्या छातीवर आघात करून पळाला. राणी खाली पडली. पण लगेच उठली, मदतीस आलेल्यांचे तिने आभार मानले आणि चालत जाऊन बोटीवर चढली. कोणीतरी ठोसा मारला, एवढेच दोघींना वाटले. खरे पाहता लुकेनीच्या हातात धार लावलेली टोकदार कानस होती आणि ती थेट हृदयात शिरली होती. जखम इतकी बारीक होती, की रक्त बाहेर फारसे आलेच नाही. ते आतल्या आत हळूहळू साचत होते.

बोट सुटली आणि राणी कोसळली. इर्माने तिची घट्ट आवळलेली चोळी सैल केली. आतील वस्त्रावर एक लहानसा तपकिरी डाग होता. त्याच्या मध्यभागी छिद्र होते! तेव्हा कोठे इर्माच्या सारे ध्यानात आले.

बोट धक्क्यापासून दूर जात होती. ही बाई कोण, हे कप्तानाला ठाऊक नव्हते. एका अनोळखी प्रवासिनीसाठी तो बोट मागे वळवील कशाला? खरे नाव सांगावे, तर राणीची आज्ञा मोडते. न सांगावे, तर वैद्य मिळत नाही. इर्माने फार विचार केला नाही. कप्तानाला बोलावून तिने ही ऑस्ट्रियाची सम्राज्ञी व हंगेरीची राणी आहे, असे सांगून टाकले. बोट तत्काळ वळली. खलाशांनी वल्ह्यांची डोली केली आणि तीवरून राणीला तिच्या मुक्कामाच्या जागी नेले. वैद्य आला, परंतु दोन वाजून दहा मिनिटांनी तिचे निधन झाल्याचे त्याला सांगावे लागले.

सम्राट फ्रान्झ जोसेफ याने राणीच्या स्मरणार्थ एक सन्मानपदक स्थापन केले व त्यातील श्रेष्ठ पदवी इर्माला दिली. राणीच्या अखेरच्या वर्षांविषयी इर्माने लिहिलेले पुस्तक १९०९ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर एकतीस वर्षांनी, १९४० साली, ती वारली. तोवर ते साम्राज्य लयास जाऊन वीसहून अधिक वर्षे लोटली होती.