सव्वाएकोणीस मिलिमीटर

मिरजेला काकूंच्या कपाटात एक कृष्णधवल फोटो आहे, पोस्टकार्डापेक्षा जरासा मोठा. रेल्वेच्या एका डब्याच्या उघड्या दारात काका उभे आहेत. त्यांच्या हातात कागदाची लांब पट्टी आहे आणि तिचं दुसरं टोक डब्याच्या अंधारात गेलेलं आहे. काका लखनौच्या आरडीएसओमध्ये तंत्रज्ञ होते, चाचणीच्या डब्यावर. लखनौचं घर नावाला. वर्षातले निम्मे दिवस ते डब्याबरोबर देशभर फिरत. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मी मिरजेला गेलो, तेव्हा काकूंनी फोटो माझ्यापुढं ठेवला. "अरे, तू एवढ्या आगगाड्या करत बसतोस, एकदा हा डबा करून दाखव की. ह्यांनी निम्मा संसार त्यात केला. आत कसं होतं ते मला कधी दिसलंच नाही."

काकूंचं वय तेव्हा त्र्याऐंशी होतं आणि डाव्या डोळ्यानं त्यांना जवळजवळ दिसेनासं झालं होतं. म्हणजे कामाला मुदत होती.

चाचणीचा डबा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. प्रवासी त्याला कधी आत जाऊन पाहत नाहीत. यार्डात एका बाजूला उभा असला तर फार तर अधिकाऱ्यांचा डबा समजतात. नवं इंजिन, नवा डबा किंवा नवी वाघीण तयार झाली की ती किती वेगानं सुरक्षित चालेल हे कागदावरच्या गणितानं पूर्ण कळत नाही. ती खऱ्या रुळांवर पळवून पाहावी लागते. वेग टप्प्याटप्प्यानं वाढवतात आणि जो वेग पुढं मंजूर करायचा असेल त्याच्याही साधारण दहा टक्के वर नेतात. चाचणीच्या गाडीला हा प्रयोगशाळेचा डबा जोडलेला असतो. परीक्षेला बसलेल्या डब्याच्या तळावर, बोगीच्या बरोबर वर, त्वरण मोजणारी उपकरणं बसवतात. तारा प्रयोगशाळेत येतात आणि तिथं प्रत्येक हिसक्याची रेघ उमटते. काकांच्या उमेदीच्या काळात ही रेघ प्रकाशानं काढली जाई. विजेच्या प्रवाहानं एक चिमुकला आरसा हलतो, त्यावर पडलेला किरण परावर्तित होऊन सरकत्या प्रकाशसंवेदी कागदावर पडतो आणि रेघ उमटते. फोटोतली काकांच्या हातातली पट्टी तीच.

त्या नागमोडी रेघांतून शेवटी एक आकडा काढतात. स्पर्लिंग या जर्मन संशोधकाच्या नावानं तो ओळखला जातो. डबा वर-खाली आणि डावी-उजवीकडं किती हलला, किती वेळा हलला, आणि माणसाच्या शरीराला कोणत्या गतीचं हलणं जास्त जाचतं, हे सगळं त्या एका आकड्यात येतं. आकडा जितका मोठा तितका प्रवास त्रासाचा. आपल्याकडं प्रवासी डब्यांसाठी तो साडेतीनच्या वर जाऊ नये असा दंडक आहे, सव्वातीनच्या आत राहिला तर उत्तम. काका सणासुदीला मिरजेला आले की पॅसेंजरमधून उतरताच आकडा सांगत. आम्हा मुलांना ती थट्टा वाटे.

मी स्वतः मॉडेल करतो ती १:८७ या प्रमाणात. जगभर हौशी लोकांत हेच प्रमाण सर्वांत जास्त चालतं, त्याला एचओ म्हणतात. पेरांबूरच्या कारखान्याचा जुना डबा २१,३३७ मिलिमीटर लांब, ३,२४५ रुंद. ८७ नं भागलं की २४५ आणि ३७ मिलिमीटर येतात, म्हणजे साधारण एका फुटपट्टीपेक्षा थोडी कमी लांबी आणि दोन बोटं रुंदी. हा कारखाना १९५५ साली श्लीरेन या स्विस कंपनीच्या आराखड्यावर सुरू झाला आणि २०१८ च्या जानेवारीपर्यंत त्याच घडणीचे डबे तिथं बनत राहिले. चाचणीचे डबेही त्याच सांगाड्याचे. आतली रचना तेवढी वेगळी. त्यामुळं बाहेरची मापं मला पाठ होती. अडचण आली ती खाली, चाकांत.

आपल्या बोलण्यात बोगी म्हणजे डबा. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. एका डब्याला अशा दोन. दुकानात मिळणाऱ्या एचओच्या तयार बोग्या १६.५ मिलिमीटर अंतराच्या रुळांवर चालतात. १६.५ ला ८७ नं गुणलं की १,४३५ येतात. हे इंग्लंड, युरोप, अमेरिकेचं गेज. आपलं ब्रॉडगेज १,६७६, म्हणजे साडेपाच फूट. डलहौसीला खरं तर सहा फूट हवं होतं. ओढाताण होऊन साडेपाचावर तडजोड झाली. १,६७६ भागिले ८७ म्हणजे १९.२६. भारतीय गाड्यांची मॉडेल करणारे बहुतेक सगळे हा पावणेतीन मिलिमीटरचा फरक पोटात घालतात, कारण तसं केलं तर तयार चाकं, तयार रूळ, तयार सांधे सगळं मिळतं. मीही पंचवीस वर्षं तेच करत आलो. डबा रुळांवर जरा उंच टाचांवर उभा असल्यासारखा दिसतो, पण लोक ते बघत नाहीत.

या वेळी मात्र हात अडला. रूळ आणि चाक यांचं एकमेकांशी कसं पटतं हे तपासण्यासाठीच जो डबा जन्माला आला, तो मी चुकीच्या रुळांवर उभा करणार होतो. खऱ्या मार्गावर गेज काही मिलिमीटरनी वाढलं तरी त्याची नोंद होते आणि माणसं दुरुस्तीला धावतात. माझ्या मॉडेलमधली चूक खऱ्या मापात २४१ मिलिमीटरची होती. त्यातून मी मिरजेत वाढलेला. आमच्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, मिरज जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरकडं जाणारी अडीच फुटी नॅरोगेज, तिन्ही एकत्र दिसत. कोणत्या रुळांवर कोणती गाडी हे तिथल्या चहावाल्या पोरालाही कळायचं.

पुण्यातल्या माझ्या एका मॉडेलवाल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "मग चालवणार कुठं? जगात कुणाच्या टेबलावर तुझे रूळ नाहीत." खरं होतं. सव्वाएकोणीस मिलिमीटरचा निर्णय म्हणजे हा डबा माझ्या स्वतःच्या दीड मीटर रुळांपलीकडं कधी जाणार नाही, हा निर्णय. मी तो घेतला, पण मुकाट्यानं नव्हे. आठवडाभर चिडचिड करून.

रूळ मी तयार पट्टीतून उपसून काढले. स्लीपरसाठी बुधवार पेठेतून तांब्याचा थर असलेली सर्किट-पाटी आणून तिच्या पट्ट्या कापल्या. खरा ब्रॉडगेज स्लीपर २,७५० मिलिमीटर लांब, म्हणजे माझा ३१.६. पट्टीवर रूळ थेट सोल्डर करता येतो आणि अंतर पक्कं राहतं. मात्र प्रत्येक पट्टीवर दोन रुळांमधलं तांबं खरवडून तोडायचं, नाहीतर वीज एका रुळातून दुसऱ्यात जाते. रविवार पेठेतल्या एका लेथवाल्यानं १९.२६ चं पितळी माप करून दिलं. तो म्हणाला, "एवढं नाजूक कशाला? शून्य पॉइंट सव्वीस सोडून द्या." सोडलं असतं तर खऱ्या मापात २३ मिलिमीटरचा घोटाळा झाला असता. आस त्यानंच लांब करून दिले. चाकं तयार घेतली. त्यांची कड खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट रुंद आहे: २.८ मिलिमीटर, तर खरी १२७ म्हणजे मॉडेलमध्ये दीडच. ती तासून बारीक केली तर डबा माझ्या रुळांवरही टिकला नसता. तेवढं ढोंग मी मान्य केलं.

वजनाचा हिशेब मला सर्वांत जास्त आवडला. लांबी ८७ पट कमी झाली की वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ पट कमी व्हायला हवं, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पट. चाळीस टनांचा डबा धरला तर मॉडेल भरतं एकसष्ट ग्रॅम, एका मोठ्या अंड्याएवढं. असं मॉडेल रुळांवर ठेवून पाहा, पहिल्याच सांध्यावर उडी मारून खाली उतरतं. अमेरिकी हौशींच्या संघटनेनं ठरवलेला अंगठेबाज नियम या लांबीच्या डब्याला १७० ग्रॅम सांगतो, जवळजवळ तिप्पट. कारण माझ्या सांध्यात कानशीनंही न जाणारा दशांश मिलिमीटरचा उंचवटा राहतो, आणि खऱ्या मापात तो जवळजवळ नऊ मिलिमीटरचा होतो. खरा मार्ग आमच्या टेबलावरच्या मार्गापेक्षा किती तरी गुळगुळीत असतो. मी डब्याच्या तळाला शिशाच्या पट्ट्या चिकटवल्या.

वेगाचं तसंच. तासाला शंभर किलोमीटरला ८७ नं भागलं तर मॉडेल सेकंदाला ३२ सेंटिमीटर चालेल आणि डोळ्याला बरोबर दिसेल. पण हलण्याच्या बाबतीत निसर्ग ८७ नं भागत नाही. गुरुत्वाकर्षण माझ्या टेबलावरही तेवढंच आहे. जहाजांची मॉडेल पाण्यात ओढून पाहणाऱ्या विल्यम फ्रूडनं एकोणिसाव्या शतकात हे मांडलं: जिथं गुरुत्वाचा खेळ आहे तिथं वेग प्रमाणाच्या वर्गमुळानं कमी करावा लागतो. ८७ चं वर्गमूळ सव्वानऊच्या आसपास. म्हणजे माझा डबा खऱ्यासारखा डुलायला हवा असेल तर त्याला सेकंदाला तीन मीटर पळवावं लागेल, आणि दीड मीटरचे माझे रूळ अर्ध्या सेकंदात संपतील. चाचणीच्या डब्याच्या मॉडेलवर कसलीच चाचणी घेता येत नाही. हे कळलं तेव्हा मी बोगीतल्या खेळत्या स्प्रिंगांचा नाद सोडला आणि त्या नुसत्या दिसायला बसवल्या.

आतल्या रचनेसाठी माझ्याकडं दोनच आधार होते: तो फोटो, आणि काकांचे एक जुने सहकारी, जे आता कोल्हापूरला असतात. त्यांनी वहीच्या पानावर आराखडा काढून दिला. एका टोकाला उपकरणांची खोली, मधे टेबल आणि बॅटऱ्या, पलीकडं झोपायच्या बर्थ, शेवटी छोटं स्वयंपाकघर. त्यांच्या आराखड्यात उपकरणांच्या खोलीतून बाहेर पाहिलं तर दार डावीकडं होतं. फोटोत ते उलट दिसत होतं. माणूस ऐंशीचा, आठवण पन्नास वर्षांपूर्वीची. फोटो मात्र समोर. मी फोटोवर विश्वास ठेवला. दोन्ही बाजूंचे पत्रे कापले, खिडक्या कोरल्या, आतल्या भिंती उभ्या केल्या. अडीच महिने गेले.

अर्धवट डबा आणि फोटो घेऊन गणपतीत मिरजेला गेलो. काकूंनी फोटो उजव्या डोळ्याजवळ धरला, बराच वेळ धरला. "ह्यांचं घड्याळ इकडं कसं? उजव्या हातात कधी बांधलं नाही ह्यांनी." मग मी पाहिलं. शर्टाचा खिसासुद्धा उजवीकडं होता. निगेटिव्ह उलटं ठेवून फोटो छापला होता, आणि डब्यावरचा क्रमांक चौकटीबाहेर असल्यानं कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं. डबा नुसता फिरवून ठेवला तर भागेल असं मला क्षणभर वाटलं. नाही भागत. उजव्या पायातली चप्पल कशीही फिरवा, ती डाव्या पायाची होत नाही. कोल्हापूरला फोन करून माफी मागितली. ते हसून म्हणाले, "अहो, रीडिंग आणि उपकरण यांच्यात भांडण झालं तर आम्ही आधी उपकरण तपासायचो."

पुन्हा सगळं केलं. या खेपेला छत चिकटवलं नाही, उचलता येईल असं ठेवलं. रंग विटकरी. कागदाच्या रिळाच्या जागी सिगारेटच्या पातळ कागदाची गुंडाळी घातली. फोटोतल्या जागी, दारात, एक चिमुकला माणूस उभा केला. घड्याळ दाखवता आलं नाही.

गेल्या महिन्यात तो मिरजेला पोचवला. काकूंनी आधी रुळांवर बोट फिरवलं, मग छत स्वतः उचललं. खिडकीपाशी खुर्ची ओढून, उन्हाच्या पट्ट्यात धरून त्यांनी एकेक खोली पाहिली. "हे कुठं झोपायचे?" मी खालची बर्थ दाखवली, खऱ्या मापात सहा फूट, माझ्या डब्यात एकवीस मिलिमीटर. "पाय दुमडून झोपत असणार," त्या म्हणाल्या. मग त्यांनी शेवटच्या खोलीतल्या ओट्याकडं बोट केलं.

"आणि स्वयंपाक कोण करायचं?"

हे कोल्हापूरला विचारायचं माझ्याकडून राहून गेलं आहे.