तैपेईची तालीम

"तिकडे जाऊन राहा, भाषा आपोआप येते" असं छातीठोकपणे सांगणारे लोक बहुधा तिकडे फारसे राहिलेले नसतात. तैपेईत वर्षानुवर्षं नोकरी करूनही जेवण मागवताना मेन्यूकार्डावर बोट ठेवणारे परदेशी लोक काही कमी नाहीत. ऑफिसात त्यांच्याशी सगळे इंग्रजीत बोलतात, मेट्रोच्या पाट्या रोमन लिपीतही असतात आणि कॉफीच्या दुकानातली मुलगी, पाहुण्याची अडचण नको म्हणून, स्वतःच इंग्रजीवर येते. शहर भाषा शिकवत नाही. ते फार तर परीक्षा घेतं. शिकवण्यासाठी वेगळी तालीम लागते आणि तशी एक तालीम राष्ट्रीय तैवान विद्यापीठात साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

तिचं आजचं नाव 'इंटरनॅशनल चायनीज लँग्वेज प्रोग्रॅम', म्हणजे आयसीएलपी. जुने विद्यार्थी अजूनही 'स्टॅनफर्ड सेंटर'च म्हणतात. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेला चीनचे जाणकार हवे होते, पण अमेरिकन नागरिकाला चीनच्या मुख्य भूमीवर जायची सोय नव्हती. मग स्टॅनफर्ड विद्यापीठाने तैपेईत केंद्र उघडलं आणि लवकरच अनेक अमेरिकन विद्यापीठांनी मिळून ते चालवायला घेतलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचीही स्वतःची शाळा तैवानातच, तैचुंगला होती. पुढच्या दोन-तीन दशकांत अमेरिकेत चीनवर पुस्तकं लिहिणाऱ्या प्राध्यापकांची आणि वार्ताहरांची जी पिढी तयार झाली, तिच्यातले बरेच जण या केंद्रातून गेलेले आहेत. 1997 साली त्या विद्यापीठांनी आपला कार्यक्रम बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठात नेला. तैपेईच्या विद्यापीठाने मात्र शाळा बंद पडू दिली नाही. नवं नाव देऊन स्वतः चालवली.

इथली शिस्त पाहण्यासारखी आहे. एका वर्गात चारपेक्षा जास्त विद्यार्थी बसवत नाहीत, त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोय नाही. शिवाय एक तास असा, की समोर फक्त 'लाओशी', म्हणजे शिक्षिका, आणि आपण. वेगवेगळ्या तासांना वेगवेगळ्या शिक्षिका येतात. एकीच्याच बोलण्याची सवय कानाला लागू नये, हा त्यामागचा हेतू. वर्गात धडा समजावून सांगत नाहीत. तो घरून वाचून, शब्द घोटून, ध्वनिफीत ऐकूनच यायचं असतं. तयारीला वर्गाइतकाच, कधी जास्तही वेळ जातो. वर्गातला वेळ केवळ बोलण्याचा, आणि बोलण्यापेक्षाही दुरुस्तीचा.

एकच वाक्य घेऊ. "मला फळं घ्यायची आहेत" हे चिनीत 'वो श्यांग माय श्वेइक्वो'. पाच अक्षरं आणि पाचही तिसऱ्या स्वराची. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, स्वर चार: सपाट, चढता, खाली दबलेला आणि कोसळता. तिसरा म्हणजे दबलेला. पण दोन दबलेले स्वर लागोपाठ आले की पहिला चढता होतो. मग पाच आले तर कोणता चढवायचा? ते वाक्य तुम्ही कुठे तोडता आणि किती घाईत बोलता, यावर अवलंबून असतं. नियम पुस्तकात पाच मिनिटांत वाचून होतो. लाओशी मात्र तेच वाक्य विद्यार्थ्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. आधी 'श्वेइक्वो' वेगळं, मग 'माय' जोडून, मग सगळं सावकाश, मग भाजीवालीसमोर उभे असल्यासारखं भरभर. चूक झाली तर ती "चुकलं" म्हणत नाही, स्वतः नीट म्हणून दाखवते आणि थांबते. हे थांबणंच फार जड जातं, असं मला वाटतं. इंग्रजीत पीएचडी करत असलेल्या तिशीतल्या माणसाला "मला फळं घ्यायची आहेत" एवढं म्हणता येईना, ही नामुष्की रोज सकाळी सोसावी लागते. ज्याला सोसत नाही तो टिकत नाही.

पुढच्या पायरीवर रचना येतात. "अमुक करण्यापेक्षा तमुक केलेलं बरं" अशी एक रचना घेतली की शिक्षिका प्रश्नच असे विचारते, की उत्तर त्या साच्यातूनच द्यावं लागतं. बसची वाट पाहावी की चालत जावं? घर भाड्याने घ्यावं की विकत? कंटाळवाणं आहे, हे कबूल. पण अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती चिनी यायला 88 आठवडे, म्हणजे 2200 तासिका धरतं, स्पॅनिशच्या जवळजवळ तिप्पट. एवढा पल्ला गाठायचा तर रोजच्या तासाला भरपूर बोलून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. इथे अख्खं शैक्षणिक वर्ष काढलं तरी हजार तासिका भरत नाहीत.

मराठी माणसाला या वर्गात एक आयती सवलत मिळते. इंग्रजी बोलणाऱ्याला 'प' आणि श्वास सोडून म्हटलेला 'प्ह' यांतला फरक महिनोन् महिने ऐकू येत नाही आणि चिनीत सगळा खेळ त्याच्यावरच आहे. रोमन लिपीत 'बी' लिहिलेलं असतं तिथे आपला 'प', 'डी'च्या जागी 'त', 'जी'च्या जागी 'क'. 'झेड' लिहितात तो उच्चार तर आपल्या 'चाक'मधला 'च'. हे सगळं फुकट. स्वरांचं मात्र आपल्याकडे काही नाही. उलट "आलास?" विचारताना शेवट वर उचलायची सवय आड येते, कारण तिथे स्वर बदलला की शब्दच बदलतो. 1954 साली नेहरू आणि माओ यांच्या भेटीत दुभाषाचं काम केलेले वसंत परांजपे चीनमध्येच, बीजिंग विद्यापीठात चिनी शिकले होते. संस्कृताचा माणूस, व्यंजनांची चिंता त्यांना नसणार.

आता या शाळेच्या एका प्रसिद्ध नियमाबद्दल. शाळेच्या आवारात चिनीशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. अमेरिकेत मिडलबरी कॉलेजने उन्हाळी भाषावर्गांत अशी लेखी शपथ घ्यायची प्रथा रुजवली आणि 1993मध्ये सुरू झालेल्या 'प्रिन्स्टन इन बीजिंग'नेही ती कडकपणे पाळली. हौसेने पैसे भरून आलेला प्रौढ विद्यार्थी ती आनंदाने घेतो. पण तैवानात या नियमाला दुसरीही एक बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. 1945नंतर आलेल्या राजवटीने मँडरिन ही राष्ट्रभाषा ठरवली. घरात तैवानी किंवा हक्का बोलणाऱ्या मुलांनी शाळेत ती भाषा काढली की दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवली जायची. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कितीतरी तैवानी लोकांना ती पाटी आठवते. म्हणजे परदेशी विद्यार्थी जो नियम स्वतःवर लादून घेतो, तोच नियम त्याच शहरात मुलांवर लादला गेला होता. पद्धत तीच आणि दोन्हीकडे ती परिणामकारक ठरली. तैवानची तरुण पिढी आज सफाईने मँडरिन बोलते आणि आजीशी बोलताना अडखळते. आयसीएलपीत आता तैवानी भाषेचाही अभ्यासक्रम आहे; शिकणारे अर्थात परदेशी.

लिपीचा प्रश्न वेगळाच. तैवानात जुनी, भरगच्च अक्षरं वापरतात, मुख्य भूमीवर सुटसुटीत केलेली. तैवानची मुलं आधी 37 चिन्हांची उच्चारलिपी शिकतात आणि तीच मुलांच्या वर्तमानपत्रात प्रत्येक अक्षराशेजारी छापलेली असते. प्रौढ विद्यार्थ्याने ती शिकायचा कंटाळा करू नये, असं माझं मत आहे. रोमन लिपी डोळ्यासमोर असली की तोंड इंग्रजीकडे वळतंच.

या शाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी संपादकीय वाचतो, अभिजात चिनीतला उतारा लावतो, चर्चासत्रात मत मांडतो आणि रात्रबाजारात गेल्यावर बऱ्याचदा वर्तमानपत्रासारखा बोलतो. विक्रेते हसतात. तो दोष आहेच. पण रस्त्यावरची बोली दोन महिन्यांत उचलता येते, वाचनाची बैठक तशी येत नाही. हार्वर्डने बीजिंगमध्ये वर्षानुवर्षं चालवलेला आपला उन्हाळी चिनी वर्ग 2022पासून तैपेईत, याच विद्यापीठात आणला. एक कार्यक्रम 1997मध्ये तिकडे जातो, दुसरा पंचवीस वर्षांनी इकडे येतो. येण्याजाण्याची कारणं राजकारणाची. सकाळी वर्गात मात्र कोण कुठून आलं याला महत्त्व नसतं, धडा वाचून आलात की नाही एवढंच विचारतात.