निवृत्तीपूर्व दत्तकग्रहण : शर्यतीचे ग्रेहाउंड आणि मुंबईतील सेवाश्वान

प्रस्तावना

शर्यतीचा ग्रेहाउंड वयाच्या सुमारे दीड वर्षापासून धावू लागतो आणि चार-पाच वर्षांचा होईतो धावपट्टीवरून बाहेर पडतो. या जातीच्या कुत्र्याचे आयुर्मान साधारणतः १२ ते १४ वर्षांचे असते. ज्या कामासाठी त्याची पैदास झाली ते काम संपल्यानंतरही त्याच्या आयुष्याचा अर्ध्याहून अधिक भाग शिल्लक राहतो. या शिल्लक आयुष्याची तजवीज कोणी, केव्हा आणि कोणाच्या खर्चाने करावयाची, हा प्रश्न ज्या ज्या देशांत श्वानशर्यती चालल्या त्या त्या देशांत निर्माण झाला आणि बहुतेक ठिकाणी तो उशिरा विचारला गेला.

भारतात ग्रेहाउंडच्या परवानाधारक शर्यती नाहीत. महालक्ष्मीचा रेसकोर्स घोड्यांसाठी आहे. पंजाबच्या ग्रामीण भागात ग्रेहाउंड धावविले जातात, पण त्यांस अधिकृत स्वरूप नाही. त्यामुळे अंधेरीतील एखाद्या कुटुंबाने धावपट्टीवरील ग्रेहाउंड त्याच्या निवृत्तीपूर्वीच मागून ठेवावा, असा प्रसंग येथे सहसा संभवत नाही. परंतु त्याच जातीचा प्रश्न मुंबईतही आहे. शहर पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातील श्वान आणि अंधेरी-सहारच्या विमानतळावर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे श्वान हेदेखील कामासाठी घडविलेले, श्वानगृहात वाढलेले आणि कामाच्या अखेरीस घराची गरज असलेले प्राणी होत. ग्रेहाउंडच्या बाबतीत परदेशांत जी पद्धत विकसित झाली तिचा या श्वानांच्या संदर्भात काय उपयोग होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. श्वान कामावर असतानाच त्याचे घर निश्चित झाले पाहिजे, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

मधल्या काळाचा धोका

कामाचा शेवटचा दिवस आणि घरातील पहिला दिवस यांमध्ये जे अंतर पडते, तेथेच अशा प्राण्याचे सर्वाधिक नुकसान होते. धावणे थांबताच मालकाच्या हिशेबात कुत्र्याचा खर्च उरतो, उत्पन्न उरत नाही. या अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण मकाऊ येथील कॅनिड्रोमचे आहे. १९६३ पासून सातत्याने चाललेली ही धावपट्टी जुलै २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हा पाचशेहून अधिक ग्रेहाउंड श्वानगृहातच राहून गेले. धावपट्टी बंद होणार हे दोन वर्षे आधी ठाऊक होते. तरीही शेवटच्या दिवशी या कुत्र्यांसाठी घरे तयार नव्हती. पुढे ॲनिमा ही स्थानिक प्राणिसंस्था आणि परदेशांतील दत्तकसंस्था यांच्या प्रयत्नांनी त्यांना निरनिराळ्या देशांत घरे मिळाली. हे काम तडीस गेले याचे श्रेय त्या संस्थांचे आहे. ते आधीच का सुरू झाले नाही, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतोच.

लष्करी श्वानांचा इतिहास याहून कठोर आहे. अमेरिकेत नोव्हेंबर २००० मध्ये एक कायदा संमत झाला. काम संपलेल्या लष्करी श्वानांना दयामरण देण्याऐवजी त्यांना दत्तक देण्याची मुभा त्याने दिली. रॉबी नावाच्या बेल्जियन मॅलिनॉइस जातीच्या श्वानास त्याचा माजी हस्तक घरी नेऊ इच्छीत होता. त्याच्याच नावाने हा कायदा ओळखला जातो. रॉबीला मात्र त्याचा लाभ मिळाला नाही. संधिवाताने जर्जर झालेल्या रॉबीला जानेवारी २००१ मध्ये दयामरण देण्यात आले. घर तयार होते, माणूस तयार होता. व्यवस्था मागे राहिली होती. भारतीय लष्करातही कामास अयोग्य ठरलेल्या श्वानांना दयामरण दिले जात असल्याचे २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून उघड झाले. हा विषय दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला आणि केंद्र शासनाने धोरण बदलण्याची तयारी दर्शविली.

आगाऊ मागणी : स्वरूप आणि अडचणी

ग्रेहाउंडच्या दत्तकविधानात निवृत्तीपूर्व व्यवस्थेचे दोन भाग पडतात. पहिला आर्थिक आहे. ब्रिटनमध्ये २०२० पासून ग्रेहाउंड नियामक मंडळाने निवृत्ती योजना लागू केली. शर्यतीसाठी कुत्र्याची नोंदणी होतानाच मालक २०० पौंड आणि मंडळ २०० पौंड, असा एकूण ४०० पौंडांचा रोखा तयार होई. पुढे ही रक्कम थोडी वाढविण्यात आली. कुत्रा निवृत्त होऊन मान्यताप्राप्त दत्तककेंद्रात गेला की रोख्याची रक्कम त्याच्यामागे तेथे जाते. यात रकमेच्या आकड्यापेक्षा तिची वेळ महत्त्वाची आहे. कुत्रा जिंकत असो वा हरत असो, त्याच्या वार्धक्याचा एक वाटा तो पहिल्यांदा धावण्यापूर्वीच बाजूला काढला जातो. शर्यतींवर आक्षेप असणाऱ्यांना ही योजना अपुरी वाटते आणि तो आक्षेप निराधार नाही. तथापि पैसे आधी काढून ठेवण्याचे तत्त्व त्यामुळे चुकीचे ठरत नाही.

दुसरा भाग व्यक्तिगत आहे. एखादे कुटुंब विशिष्ट कुत्र्याची निवड करून मालकास किंवा प्रशिक्षकास कळविते की, हा धावायचा थांबला की आम्हांस द्यावा. वरवर पाहता ही गोष्ट साधी वाटते. प्रत्यक्षात तिच्यात मोठी अनिश्चितता असते, कारण कुत्र्याच्या निवृत्तीची तारीख कोणासच ठाऊक नसते. धावण्याच्या वेळा हळूहळू मंदावत गेल्या आणि तो खालच्या श्रेणीत घसरला, तर काही महिने आधी अंदाज येतो. परंतु बहुसंख्य धावपट्ट्यांवर कुत्रे घड्याळाच्या उलट दिशेने वळण घेतात. त्यामुळे मागील उजव्या पायाच्या घोट्यावर विशेष ताण येतो, आणि तेथील हाड मोडले की निवृत्ती एका संध्याकाळीच ठरते. अशा वेळी आगाऊ शब्द दिलेले कुटुंब परगावी असेल, किंवा मोडलेल्या पायाचा कुत्रा आपणांस झेपणार नाही असे त्यास वाटले, तर दिलेला शब्द निरुपयोगी ठरतो. म्हणून आगाऊ करारात ‘कुत्रा सुदृढ असल्यास’ अशी अट घालणे म्हणजे करार न करण्यासारखेच होय. ज्याला अधिक गरज तोच त्या अटीने बाहेर राहतो.

वाट पाहण्याचा काळ मात्र वाया जात नाही. श्वानगृहात वाढलेल्या ग्रेहाउंडने जिना, गुळगुळीत फरशी, काचेचे दार, आरसा यांपैकी काहीही पाहिलेले नसते. मांजर किंवा लहान कुत्रा दिसताच पाठलाग करण्याची त्याची वृत्ती किती तीव्र आहे, हे पारखावे लागते; सर्व ग्रेहाउंड याबाबतीत सारखे नसतात. कुटुंबाच्या पशुवैद्यासही तयारी लागते. या जातीत तांबड्या रक्तपेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा अधिक असते, तर बिंबाणू आणि थायरॉइड संप्रेरक यांचे प्रमाण कमी आढळते. हे न जाणणारा वैद्य निरोगी कुत्र्यास आजारी ठरवू शकतो. अंगावर चरबी अत्यल्प असल्याने आणि यकृतातील काही विकरांचे कार्य मंद असल्याने थायोपेंटोनसारख्या भूलद्रव्यातून हे कुत्रे फार उशिरा सावरतात. यांपैकी बरेचसे आपल्याकडील कारवानी कुत्र्याच्या बाबतीतही लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण तोही दृष्टीने शिकार हेरणारा, त्याच बांध्याचा.

मुंबईचे सेवाश्वान

मुंबईच्या जनमानसात सेवाश्वान म्हटले की पहिले नाव येते ते झंजीरचे. १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांनंतर या लॅब्रॅडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले, अशी नोंद आहे. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडाच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला आणि शासकीय इतमामाने त्यास निरोप देण्यात आला. हाडाचा कर्करोग ग्रेहाउंडमध्येही विशेषत्वाने आढळतो, हा एक योगायोग. झंजीरला निवृत्तीचा काळ लाभलाच नाही, त्यामुळे त्याच्या घराचा प्रश्नही उद्भवला नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात काम केलेल्या मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या श्वानांच्या बाबतीत तो उद्भवला. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दहशतवाद्यांनी मागे ठेवलेले हातबॉम्ब सीझरने शोधले होते. निवृत्तीनंतर हे श्वान विरार येथील एका प्राणिप्रेमी व्यक्तीच्या शेतघरी राहिले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मॅक्स, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर आणि ऑक्टोबरमध्ये सीझर असे चौघेही एकाच वर्षात गेले. सोबती गेल्यानंतर सीझर खिन्न झाला होता, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी लिहिले. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, एकत्र काम केलेले श्वान निवृत्तीनंतरही एकत्र राहू शकले. उपनगरातील सदनिकेत हे जवळजवळ अशक्य आहे. जोडीने काम केलेल्या दोन श्वानांची ताटातूट करावयाची की नाही, हा निर्णयही आधीच घ्यावा लागतो. निवृत्तीच्या दिवशी जे घर उपलब्ध असेल त्यावर तो सोडता येत नाही.

याच श्वानांच्या प्रसिद्धीमुळे एक अडचणही दिसते. ज्याचे छायाचित्र वृत्तपत्रात आले त्यास मागणी येते. ज्याने आठ वर्षे रोज सकाळी रिकाम्या पिशव्या हुंगल्या आणि एकदाही काही सापडले नाही, त्यास कोण मागणार? वस्तुतः काही न सापडणे हेच त्याच्या कामाचे उद्दिष्ट असते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिल्ली मेट्रोवरील सात श्वानांना समारंभपूर्वक निवृत्त करून प्राणिसंस्थेच्या स्वाधीन केले, ही गोष्ट म्हणूनच मोलाची आहे. त्या सातांपैकी कोणीही झंजीरसारखा विख्यात नव्हता. केरळ पोलिसांनी २०१९ मध्येच त्रिशूर येथील पोलीस अकादमीत निवृत्त श्वानांसाठी ‘विश्रांती’ हे निवासगृह सुरू केले. निवासगृह हे घर नव्हे. पण घर मिळेपर्यंतचा मधला काळ त्याने सुरक्षित होतो.

उपनगरातील सदनिका

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी येथील बहुसंख्य मध्यमवर्गीय सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत राहतात. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालण्याचा वा त्यांना उद्वाहनाचा वापर नाकारण्याचा अधिकार संस्थेस नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ अन्वये कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो आणि रेबीजची लस टोचलेली असावी लागते. तथापि परिपत्रक हाती असणे आणि शेजारी राजी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तीस किलोंचा जर्मन शेफर्ड प्रथमच उद्वाहनात शिरतो तेव्हा नियम कोणी वाचत नाही. आगाऊ दत्तकविधानात मजल्यावरील शेजाऱ्यांशी बोलण्यास सवड मिळते, हा त्याचा लहानसा पण खरा लाभ.

भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाची स्थिती अधिक अवघड असते. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. श्वानाच्या निवृत्तीची तारीख त्या ११ महिन्यांत बसेलच असे नाही. आज होकार देणाऱ्या घरमालकाच्या जागी उद्या दुसरा घरमालक असू शकतो. अशा कुटुंबास नकार देणे अन्यायाचे ठरेल. परंतु कुत्रा कोणत्या पत्त्यावर जाणार, याचा लेखी पर्याय, म्हणजे आईवडिलांचे वा भावंडाचे स्वतःचे घर, आधीच मागून घेणे इष्ट आहे.

हस्तांतरणाचा महिनाही विचारपूर्वक निवडावा लागतो. दहीहंडीपासून दिवाळीपर्यंत उपनगरांत ढोल, ध्वनिक्षेपक आणि फटाके यांचा आवाज थांबत नाही. नवीन घरात आलेल्या कुत्र्यास हा काळ सर्वांत कठीण जातो. बॉम्बशोधक श्वानाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. स्फोटकाचा वास येताच भुंकायचे नाही, तेथे शांत बसायचे, अशी त्यास शिकवण असते, आणि ज्या वासांवर तो तयार होतो त्यांत फटाक्यांतील दारूही असू शकते. दिवाळीत असा श्वान सोसायटीच्या फाटकाबाहेरील फटाक्यांच्या दुकानापुढे बसून राहिला आणि ओढूनही उठला नाही, तर तो हट्टी झाला असे समजण्याचे कारण नाही. तो आपले काम करीत असतो आणि शाबासकीची, बहुधा एका चेंडूची, वाट पाहत असतो.

ही माहिती केवळ हस्तकाजवळ असते. म्हणून श्वान सेवेत असतानाच भावी कुटुंबाने त्यास हस्तकाच्या उपस्थितीत चार-पाच वेळा भेटणे, आणि हस्तकाने आज्ञांचे नेमके शब्द, खाण्याच्या वेळा, जुनी दुखणी व त्यास कशाची भीती वाटते हे एका कागदावर लिहून देणे, या दोन गोष्टी कोणत्याही नियमावलीविना आजही करता येण्याजोग्या आहेत. हस्तकाची बदली श्वानाच्या निवृत्तीपूर्वी झाली, तर हा कागद त्याने बदलीच्या आदेशाबरोबरच लिहून ठेवावा. नंतर त्यास विचारणारे कोणी नसते.