दुसरं विमान निवडताना

रिमोटवरचं पहिलं विमान न मोडता वावरात उतरायला लागलं, की थोड्याच दिवसांत ते मंद वाटू लागतं. समोरून वारा आला तर जागेवरच खोळंबतं, कोलांटी घे म्हटलं तर घेत नाही. तिकडे मोबाइलवर कुणाचं तरी स्पिटफायर नाहीतर तेजस जमिनीला घासून जाताना दिसत असतं. दुसऱ्या विमानाची खरेदी फसते ती याच वेळी. लढाऊ विमानाच्या घाटाचं मॉडेल हे तिसरं किंवा चौथं विमान. दुसऱ्याने एकच नवी गोष्ट शिकवावी, ती म्हणजे एलेरॉन. बाकी सगळं जमेल तितकं पहिल्यासारखं असावं. आणि जालना जिल्ह्यात उडवायचं असेल तर मॉडेलांची चित्रं पाहण्याआधी आपली जमीन पाहावी. इथे कापलेल्या गवताची धावपट्टी मिळणं कठीण. मिळते ती काळी माती.

पहिलं विमान वळतं कसं, हे आधी समजून घेऊ. त्याला बहुतेक वेळा तीनच चॅनल असतात: थ्रॉटल, एलिव्हेटर आणि रडर. पंख धडाच्या वर बसवलेला आणि त्याची दोन्ही टोकं किंचित वर गेलेली. या रचनेला डायहेड्रल म्हणतात. उजवीकडे रडर दिला की नाक उजवीकडे फिरतं, डावा पंख वाऱ्याला जास्त कोनात सामोरा जातो, त्याची लिफ्ट (वर उचलणारा जोर) वाढते आणि विमान उजवीकडे कलून वळतं. स्टिक सोडली की याच रचनेमुळे खाली गेलेला पंख पुन्हा वर येतो. म्हणजे सरळ होण्याचं अर्धं काम विमान स्वतःच करत होतं, आपल्याला ते आपलं कौशल्य वाटत होतं.

एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला, टोकांकडे बसवलेल्या दोन हलत्या पट्ट्या. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली, आणि विमान थेट कलतं. अशा विमानाचा पंख बहुधा सपाट असतो. त्यामुळे स्टिक मध्यावर आणली तरी ते कललेलंच राहतं. सरळ करायला उलटा एलेरॉन द्यावा लागतो. शिवाय कललेल्या पंखाची लिफ्टही तिरकी होते, तिचा वजन पेलणारा भाग कमी पडतो आणि नाक खाली जाऊ लागतं. म्हणून वळण चार टप्प्यांत घ्यायचं: कलवा, स्टिक मध्यावर आणा, एलिव्हेटर हलका ओढून धरा, आणि दिशा मिळाली की उलट एलेरॉनने सरळ करा. तीन चॅनलवर शिकलेला हात पहिला टप्पा करतो आणि उरलेले तीन विमान स्वतःच करेल याची वाट पाहत बसतो.

वळण किती तीव्र घ्यावं यालाही हिशेब आहे. ४५ अंश कलवून उंची न सोडता वळलं तर पंखावर वजनाच्या १.४ पट भार येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख वजन पेलणं सोडतो तो) सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांना भार दुप्पट, स्टॉलचा वेग ४१ टक्के जास्त. उतरण्याआधीचं शेवटचं वळण आपण कमी उंचीवर, थ्रॉटल काढून घेत असतो, आणि विमान वावराच्या पलीकडे जाईल या भीतीने नेमकं तेच वळण जोरात ओढलं जातं. एक पंख स्टॉल होतो, विमान गर्रकन उलटतं, आणि सावरायला उंची उरलेली नसते. दुसरी विमानं मोडतात ती बहुधा अशी.

अंगठ्यांचाही एक घोळ असतो. मोड २ च्या ट्रान्समीटरवर थ्रॉटल आणि रडर डाव्या हाताला, एलिव्हेटर आणि एलेरॉन उजव्या हाताला. तीन चॅनलच्या विमानात मात्र सोयीसाठी रडर बरेचदा उजव्या स्टिकवर दिलेला असतो. तसं असेल तर बरंच. वळवायचा अंगठा तोच राहतो, डाव्या अंगठ्याला फक्त रडरचं नवं काम लागतं. पण तुमचा रडर डाव्या स्टिकवर असेल, तर नवं विमान हवेत नेण्याआधी थोडे दिवस सिम्युलेटरवर घालवा. पिकासिम हा सिम्युलेटर मोबाइलवरही चालतो आणि सवय मोडायला पुरतो.

आता वजन. विमान किती मोठं यापेक्षा पंखाच्या क्षेत्रफळावर किती भार येतो, हे जास्त महत्त्वाचं. १० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद चौकोन म्हणजे एक चौरस डेसिमीटर. १.२ मीटर लांबीचा आणि २० सेंटिमीटर रुंदीचा पंख २४ चौरस डेसिमीटर भरतो. विमान बॅटरीसकट ८५० ग्रॅमचं असेल, तर दर चौरस डेसिमीटरला ३५ ग्रॅम भार आला. दुसऱ्या विमानासाठी ३० ते ४० च्या दरम्यानचा आकडा योग्य समजावा. ९० सेंटिमीटरचं, ७०० ग्रॅमचं लढाऊ मॉडेल हातात हलकं लागतं. पण त्याच्या पंखाची सरासरी रुंदी १५ सेंटिमीटर धरली तर भार ५२ ग्रॅमवर जातो. त्यात पंख टोकाकडे निमुळता असल्याने टोक आधी स्टॉल होतं आणि मॉडेल सूचना न देता उलटतं. दुकानदार बहुधा पंखाची लांबी आणि किंमत सांगतो. क्षेत्रफळ आणि उडतानाचं वजन तुम्हीच विचारा.

हा आकडा जालन्यात थोडा जास्तच काटेकोरपणे पाहावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांपर्यंत जातो. उंची आणि उष्णता या दोन्हींनी हवा विरळ होते. ढोबळ हिशेब केला तर अशा दुपारी हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेच्या ८६ टक्के उरते, तर जानेवारीत १२ अंशांच्या सकाळी ती ९५ टक्के असते. वरचं ३५ ग्रॅम भाराचं विमान जानेवारीत ताशी २७-२८ किलोमीटरला स्टॉल होत असेल, तर मेच्या दुपारी २९ ला होईल. ५२ ग्रॅमचं त्याच दुपारी ३५ ला. उतरताना याहून जास्तच वेग ठेवावा लागतो, म्हणजे ते पोरांच्या सायकलीच्या दुप्पट वेगाने ढेकळांत येणार.

ढेकळांचा विषय निघालाच आहे. खरिपात कापूस, सोयाबीन आणि तुरीने रान भरलेलं असतं. तुरीत पडलेलं विमान शोधायला अर्धा दिवस जातो. गहू-हरभऱ्याची काढणी झाली की मार्चपासून पेरणीपर्यंत वावरं मोकळी. पण नांगरट झाली की त्याच वावरात मुठीएवढी ढेकळं, आणि आटलेल्या पाझर तलावाच्या तळाला बोटं जातील एवढ्या भेगा. अशा जागी लहान चाकं अडकतात, विमान नाकावर पालथं होतं आणि प्रॉप, मग मोटरचा माउंट जातो. म्हणून सरळ सांगतो: पक्कं मैदान हाताशी नसेल तर चाकांचा मोह सोडा. हाताने फेकून उडवता येणारं आणि पोटावर उतरणारं विमान घ्या. त्यातही मोटर पंखाच्या वर मागे तोंड करून बसवलेली असेल तर उत्तम, कारण प्रॉप जमिनीला लागतच नाही. मल्टिप्लेक्सचं ईझीस्टार किंवा बिक्सलर या घाटाची विमानं यासाठीच जगभर टिकली. अशा विमानाची एलेरॉन असलेली आवृत्ती हे जालन्यातल्या बहुतेकांसाठी माझ्या मते योग्य दुसरं विमान. दिसायला साधं आहे, हे मान्य. शाळेचं किंवा गावचं सपाट मैदान मिळत असेल तर वरच्या पंखाचं, चार चॅनलचं, चाकांचं ट्रेनर चालेल. फक्त चाकं ७ सेंटिमीटरपेक्षा लहान नकोत.

मोटर आणि बॅटरीत फार गुंतायला नको. दर किलोला १५० ते २०० वॉट ताकद या विमानांना भरपूर होते. म्हणजे ८५० ग्रॅमला दीडशे वॉट. तीन सेलच्या ११.१ व्होल्टच्या लायपो बॅटरीवर हे साधारण १४ अँपिअर झाले, आणि ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) ते आरामात पेलतो. २२०० एमएएचची बॅटरी ८० टक्केच वापरायची. सरासरी १० अँपिअर धरले तर दहा मिनिटं मिळतात. टायमर आठवर लावा. पहिल्या विमानाची बॅटरी याच मापाची असेल तर तीच चालेल, हा दुसऱ्या विमानाच्या निवडीतला मोठा निकष समजा. लायपो पूर्ण भरलेली आठवडाभर ठेवू नये, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी. आणि उन्हाळ्यात बंद गाडीत तर कधीच सोडू नये.

जास्त विचार करायची वस्तू आहे ट्रान्समीटर. तयार डब्यातून आलेल्या पहिल्या विमानाचा रिमोट बहुधा त्याच विमानाशी बोलतो, दुसऱ्या रिसिव्हरशी जुळत नाही. तेव्हा दुसरं विमान घेणं म्हणजे खरं तर रेडिओ घेणं. आपल्याकडे फ्लायस्कायचा एफएस-आय६ पुष्कळ चालतो: सहा चॅनल, २.४ गिगाहर्ट्झ, अनेक मॉडेलांच्या सेटिंग लक्षात ठेवतो, स्टिकची हालचाल मर्यादित आणि मऊ करणारे ड्युअल रेट आणि एक्स्पोही देतो. पहिल्या उड्डाणांना एलेरॉनची हालचाल ६०-७० टक्क्यांवर आणून ठेवली की नवखा हात बराच शांत राहतो. पैसे कमी असतील तर विमान स्वस्तातलं घ्या, रेडिओ चांगला घ्या.

तयार विमान परदेशी साइटवरून मागवण्याआधी थांबा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीला केंद्र सरकारची बंदी आहे, आणि दुरून चालवलेलं पंखांचं विमानही कायद्याच्या भाषेत ड्रोनच ठरतं. सुट्या भागांना बंदी नाही. मोटर, सर्व्हो, ईएससी देशातल्या दुकानांतून मिळतात, मग सांगाडा घरीच का करू नये? फ्लाइट टेस्ट या अमेरिकी मंडळींचे नकाशे फुकट आहेत. त्यांचं टायनी ट्रेनर मला या कामासाठी फार आवडतं. त्याला दोन पंख करता येतात, एक टोकं उचललेला तीन चॅनलचा आणि एक एलेरॉनचा. धड तेच, मोटर तीच, बदलतो तो पंख. फ्लेक्सवाल्याकडची सनपॅक शीट पावसाला भीत नाही, पण जड असते. फोमबोर्ड मिळाला तर तोच घ्या. थर्माकोल वापरणार असाल तर फेव्हिक्विक लावू नका, तो थर्माकोल खातो. ग्लू गन कमी आचेवर चालवा.

ज्याला वेगापेक्षा वेळ प्रिय आहे, त्याने मोटर असलेलं ग्लायडर जरूर पाहावं. १.८ ते २ मीटरचा पंख, दुमडणारा प्रॉप आणि एलेरॉन. मार्च-एप्रिलमध्ये नांगरलेली काळी जमीन शेजारच्या हिरव्या मोसंबीच्या बागेपेक्षा लवकर तापते आणि तिच्यावरची हवा वर चढू लागते. घारी तिथेच पंख न हलवता गोल फिरताना दिसतात. त्यांच्या खालच्या वावरावर मोटर बंद करून ग्लायडर नेलं तर तेही चढतं. नऊ-दहाच्या सुमाराची ही हवा गोड असते. दुपारच्या वावटळीत मात्र अशा लांब पंखाचं काही खरं नाही.

विमान घरी आल्यावर दोन गोष्टी तपासल्याशिवाय फेकू नका. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर बोटं टेकवली की विमान सपाट राहिलं पाहिजे. २० सेंटिमीटरच्या पंखाला हे ५ ते साडेसहा सेंटिमीटर. शेपूट खाली जात असेल तर बॅटरी पुढे सरकवा. नाक किंचित जड चालतं, शेपूट जड अजिबात नाही. दुसरं, विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे न्या: उजव्या पंखाचा एलेरॉन वर आला पाहिजे. उलट असेल तर रेडिओत रिव्हर्स करा. उलट्या एलेरॉनचं विमान काही सेकंदांत जमिनीत जातं.

आता कायदा. २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू झालेल्या ड्रोन नियमांत देशाच्या आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे भाग केले आहेत. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्यावरच असला तरी आपल्या जिल्ह्याचा बहुतेक भाग त्याच्या कितीतरी पलीकडे येतो. तरीही सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवरचा नकाशा आणि नोंदणीचे नियम उडवण्याआधी पाहा. समृद्धी महामार्ग आणि औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या लाइनींपासून लांब राहा. शेतातल्या ११ केव्हीच्या तारेवर विमान अडकलं तर बांबूने ओढू नका, महावितरणला कळवा.

आणि दुसरं आलं म्हणून पहिलं विमान विकून टाकू नका. पावसाळ्यानंतर हात बसवायला, वाऱ्याचा अंदाज घ्यायला आणि घरातल्या पुढच्या पोराला शिकवायला तेच लागतं.